डाव्या बाजूचं पेडल

काम तसं साधं होतं. दवाखान्यातून माणूस घरी आणायचा, एवढंच.

दादांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. दादा घड्याळं दुरुस्त करणारे. बाजाराच्या टोकाला त्यांचं दुकान. दुकान कसलं, काचेमागे एक टेबल, टेबलावर दिवा आणि दिव्याखाली वाकलेले दादा. उजव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग अडकवलं की केसाएवढी स्प्रिंगसुद्धा त्यांना दोरखंडासारखी दिसायची. डाव्या डोळ्यात ते भिंग कधी टिकलंच नाही. त्यामुळे उजवा डोळा गेला असता तर दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं, आणि दुकानाशिवाय दादा ही कल्पनाच वहिनींना करवत नव्हती.

वहिनी म्हणजे दादांची बायको. दिराने मारलेली हाक सगळ्या गल्लीने उचलली आणि आता दूधवालासुद्धा त्यांना वहिनीच म्हणतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून सांगितलं होतं, यांची पट्टी सुटून मला यांनी डोळा भरून पाहीपर्यंत मी चहात साखर घेणार नाही. ज्यांना वहिनींचा चहा माहीत होता त्यांना हा नवस लहान वाटला नसता.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात कसलंसं तेल भरलं, पट्टी बांधली आणि घरी सोडताना वहिनींना बाजूला घेऊन बजावलं की पडदा जागेवर बसवलाय, पण तो धरेपर्यंत यांनी मान खालीच ठेवायची, झोपायचं तेसुद्धा पालथं. आणि दचका नको. खोकला, शिंक, रस्त्यातला खड्डा, कसलाही नको.

"ओला डिंक समजा," डॉक्टर म्हणाले. "हलला की सुटला. मग मलाही फारसं काही करता येणार नाही."

वहिनींनी मान हलवली आणि 'ओला डिंक' हे शब्द मनाशी घोकले.

ठरलं होतं ते असं. येताना दिराने गाडी चालवत दोघांना आणलं होतं, गाडी दवाखान्याच्या अंगणात लावली होती आणि तो कामावर परत गेला होता. आज तो बसने येणार होता आणि दोघांना घेऊन जाणार होता. पण सकाळपासून धुकं असं उतरलं होतं की खिडकीबाहेरचं झाडसुद्धा कुणी पुसून टाकल्यासारखं वाटत होतं. दुपारी दिराचा फोन आला. घराच्या वाटेवरच्या खाणीच्या चढापलीकडे बस अडवून ठेवल्या होत्या. उद्या सकाळपर्यंत तिथेच थांबा, असं त्याचं म्हणणं. थांबणार कुठे? दादांच्या खाटेवरचा नवा पेशंट आपली पिशवी मांडीवर घेऊन दारात येऊन बसला होता आणि दर थोड्या वेळाने खाटेकडे अशा नजरेने बघत होता, की वहिनींनाच ओशाळल्यासारखं होई.

रखवालदाराने भाड्याची गाडी बघून दिली. तिच्या ड्रायव्हरने वहिनींकडे न बघताच सांगितलं की अर्ध्या तासात टाकतो तुम्हाला घरी. 'टाकतो' हा शब्द ऐकूनच वहिनींनी त्याला लांबून नमस्कार केला.

बाकावर मान गुडघ्यांत घालून बसलेले दादा फरशीशी बोलल्यासारखे म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे की."

"मग तू चालव."

पर्सच्या बंदावरची वहिनींची मूठ घट्ट झाली.

वहिनींकडे लायसन होतं. त्यावरच्या फोटोत त्या कुणीतरी मागून हाक मारल्यासारख्या दिसत. गाडी त्या शिकल्या मास्तरांच्या क्लासमध्ये. मास्तर मऊ स्वभावाचे, बुटके, गोल चेहऱ्याचे. कधी कुणावर ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची गरजच नव्हती, कारण शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणाऱ्याचं पेडल आणि मास्तरांचं पेडल आतून एकाच दांडीने जोडलेलं. मास्तरांनी तिकडे पाय दाबला की इकडचं पेडल आपल्या तळव्याखालून आपोआप खाली जायचं. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं पोटात व्हायचं. बघावं तर मास्तर खिडकीबाहेर बघत बसलेले, चेहऱ्यावर काही नाही. त्या दिवसांत वहिनींना वाटायचं, आपल्याला छान जमायला लागलंय. गाडी कशी लोण्यासारखी चालली, हे त्या घरी येऊन दादांना सांगत. क्लास संपल्यावर बरोबरच्या बायकांनी चेष्टा केली, तुमची गाडी मास्तरांच्या बुटांनी चालवली हो वहिनी, तुम्ही नुसत्या फिरायला गेलात. सगळ्या हसल्या, वहिनीही हसल्या. पण तो काटा आत मोडला तो मोडलाच. आपण कधी खरोखर गाडी चालवली का, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढे मास्तर वारले. आजारपण नाही, काही नाही, सकाळी चहा घेता घेता मान कलली. मुलाला क्लास चालवायचा नव्हता. दादांनी ती शिकवायचीच गाडी विकत घेतली. ओळखीची गाडी म्हणजे बायकोला धीर येईल, हा त्यांचा भाबडा हिशोब. मेकॅनिकने डावीकडची पेडलं काढली, दांडी कापली, तळाची भोकं बुजवली, वर नवी रबरी मॅट टाकली. वहिनींनी गाडी दोनदा बाहेर काढली. दुसऱ्यांदा ती अशी उड्या मारत गेली की फाटकाच्या खांबानेच तिला थांबवलं. दादा पोट धरून हसले आणि त्यांनी गाडीचं नाव ठेवलं 'बेडकी'. तेव्हापासून गाडी दीरच काढी; एरवी किल्ली कपाटाच्या खणात असे.

रोज गाडी चालवणाऱ्याला हे कळायचं नाही. क्वचित चालवणाऱ्या माणसाच्या मनात रस्ता आधी येतच नाही. पोचल्यावर गाडी लावायची कुठे, ते आधी येतं. मग उजवीकडची वळणं येतात, जी टाळण्यासाठी लांबचा फेरा परवडतो. मग मागून वाजणारा हॉर्न, जो जगात कुठेही वाजला तरी आपल्यालाच वाजला असं वाटतं. वहिनींनी त्या बाकाशेजारी उभ्या राहून सगळा रस्ता मनातल्या मनात चालवून पाहिला आणि प्रत्येक वळणावर त्यांना एक दचका बसला. प्रत्येक दचक्यासरशी एक ओला पडदा हलला.

पण दुसरं कोण होतं?

दवाखान्यातल्या दोन मावश्यांनी दादांना धरून आणून मागच्या सीटवर पालथं झोपवलं. कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी, पोटाखाली उशी, पाय दुमडलेले. औषधांची पिशवी वहिनींनी पुढे डाव्या सीटवर ठेवली. मग त्या बसल्या. आरशात पाहिलं, आरसा पुसला, पुन्हा पाहिलं. देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

पहिल्याच उचलीला गाडीने एक गचका दिला. मागून दादांचा "हं" असा आवाज आला.

वहिनींनी सगळं बंद केलं. डोळे मिटून त्या इतकंच म्हणाल्या, "देवा, माझ्याकडून होत नाही रे. कुणाला तरी पाठव."

असं कुणी म्हणू नये. म्हणजे देवाला म्हणावं, पण ऐकणारा तो एकटाच असतो असं धरून चालू नये.

त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. क्लच दाबला, गिअर टाकला आणि पाय वर घ्यायला लागल्या, तर पेडल त्यांच्या पायाच्या आधीच वर येऊ लागलं. सावकाश, मोजून मापून, मंद आचेवर दूध वर येतं तसं. गाडी हलली हे अंगण मागे सरकलं तेव्हाच कळलं.

शिकलेलं पाय विसरत नाहीत, वहिनी स्वतःशी म्हणाल्या.

गावातले रस्ते पार पडले. एक गल्ली, एक चौक, सिग्नल, एका दुकानासमोर माल उतरवणारा टेम्पो. प्रत्येक ठिकाणी ब्रेक वेळेवर लागला, क्लच वेळेवर दबला. वहिनींना वाटत होतं, पाय आपला पुढे पुढे जातोय. मग वाटायला लागलं, पेडल पुढे जातंय आणि पाय त्याच्या मागून जातोय.

"अगं, बेडकी कुठे गेली?" दादांनी सीटमध्ये तोंड खुपसूनच विचारलं. "दुसऱ्याच कुणाची गाडी आणलीस की काय?"

वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी. ते हसू ओठांवर असतानाच गाव संपलं आणि धुकं काचेला येऊन चिकटलं.

बाहेर काहीच उरलं नाही. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड एक एक करून पुढे येत आणि बाजूने निघून जात. वायपर फिरत होते आणि प्रत्येक फेरीला तेच धुकं पुन्हा दाखवत होते. काचा बंद, आत उबट हवा, आणि त्या हवेत हळूहळू एक वास पसरत होता. भिजलेल्या चामड्याचा. पावसातून आलेले बूट दाराआड ठेवले की येतो तसा. वहिनींच्या पायात कापडी चपला होत्या. दादांचे बूट डिकीत.

आणि एकदम ब्रेक खाली गेला.

वहिनींचा पाय त्या वेळी ब्रेकवर नुसता टेकलेला होता. तळव्याखालून पेडल निघून गेलं... तसंच, पायरी नसल्यासारखं. गाडी मऊ थांबली. समोर धुकंच होतं. वहिनी डोळे ताणून बघत राहिल्या, आणि त्या धुक्यात आधी एक साखळी दिसली, मग लाकडांचे ओंडके, मग बंद पडलेल्या ट्रकचा मागचा भाग. दिवे नाहीत, माणूस नाही. ओंडक्यांची टोकं काचेच्या इतकी जवळ होती की त्यांवरची वलयं मोजता आली असती.

"का थांबलीस?" दादांनी विचारलं.

"ट्रक आहे. वळसा घालते."

"छान दिसला तुला एवढ्या धुक्यात."

वहिनींना तो दिसला नव्हता.

ट्रकला वळसा घालून गाडी पुढे निघाली. आता वहिनी कान देऊन होत्या. इंजिनच्या घरघरीखाली दुसरा एक आवाज होता, बारीक, रबरावर रबर घासल्यासारखा. चुर्र... मग थांबायचा. क्लच खाली गेला की चुर्र. ब्रेक हलला की चुर्र. आवाज डावीकडून येत होता, खालून.

डावीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मग पाहिलं. सीटवर औषधांची पिशवी होती, तिची गाठही सुटली नव्हती. खाली नवी मॅट. त्या मॅटवर दोन जागी खोलगट झालं होतं, टाच टेकल्यासारखं. त्यांच्या देखत डावीकडचा खोलगा थोडा आणखी दबला आणि त्याच क्षणी क्लच त्यांच्या पायाखालून खाली गेला.

"काहीतरी घसरतंय का गं पुढे?" दादा म्हणाले. "पिशवी पडली वाटतं."

"नाही पडली," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्ही पडून राहा..."

खरं सांगायचं तर वहिनींच्या मनात भीतीबरोबर आणखीही काही दाटून आलं होतं. मास्तर. मऊ स्वभावाचे, खिडकीबाहेर बघणारे मास्तर. देवाने पाठवलं ते ओळखीचं माणूस पाठवलं. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि समोर बघत राहिल्या.

खाणीचा चढ लागला. हा रस्ता अरुंद, एका अंगाला कापलेला खडक, दुसऱ्या अंगाला जुन्या खाणीचं पाणी. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, फक्त त्या बाजूने गार हवा येत होती. चढाच्या मध्यावर ब्रेक खाली गेला. क्लच खाली गेला. गाडी थांबली.

वहिनींनी डोळे ताणले. या वेळी समोर काहीच आलं नाही. साखळी नाही, ओंडके नाहीत. ओला रस्ता आणि त्यावरून सरकणारं धुकं. त्या थांबून राहिल्या. मग थोडी रेस दिली. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. दोन्ही पेडलं तळाला टेकलेली, जणू कुणी सगळं वजन टाकून त्यांच्यावर उभं होतं.

"काय झालं?"

"काही नाही..."

"चढावर उभी करू नकोस गं. मागून कुणी आलं तर?"

आणि मागून कुणीतरी येत होतंच. खाली, वळणापलीकडे, एका जड गाडीचं इंजिन गिअर बदलत चढत होतं. आवाज अजून लांब होता. त्या गाडीच्या ड्रायव्हरला वहिनींची गाडी दिसणार नव्हती, जसा वहिनींना ट्रक दिसला नव्हता. ती येऊन टेकली तरी पुरे होतं. ओला डिंक.

"मास्तर," वहिनी पुटपुटल्या, "पाय काढा."

पेडल हललं नाही. डावीकडून चुर्र असा आवाज आला, टाच आणखी घट्ट रोवल्यासारखा.

"कुणाशी बोलतेस?"

"देवाशी बोलतेय. बोलू द्या मला." मग त्या डावीकडे वळल्या आणि रिकाम्या सीटकडे बघून, हलक्या पण स्वच्छ आवाजात बोलल्या. आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसाशी त्या अशा बोलल्या नव्हत्या. "आजवर तुमच्याच पायांनी चालवली, कबूल आहे. उपकार झाले. पण मागे माझा माणूस पालथा पडलाय. दचका बसायचाच असेल तर तो माझ्या हातून बसू दे, मी त्याची धनी होईन. तुम्ही आता पाय काढा."

खालचं इंजिन वळणावर आलं. धुक्यात दोन पिवळे डाग उमटले.

ब्रेक वर आला. हळूहळू, नाइलाजाने दिल्यासारखा. गाडी मागे सरकायला लागली आणि वहिनींनी ती स्वतःच्या पायाने पकडली. हँडब्रेक ओढला. क्लच अर्धा सोडला, इंजिनचा आवाज जाड होईपर्यंत. बॉनेट किंचित वर उचललं गेलं, तेव्हा हँडब्रेक खाली टाकला. पेडल पायाखाली जड होतं, थरथरत होतं, आणि ती थरथर त्यांच्या स्वतःच्या पोटरीची होती. गाडी चढायला लागली. दचका बसला नाही.

चढाच्या माथ्याकडे जाताना डाव्या दाराचा खटका वाजल्यासारखा झाला. वहिनींनी आरशात पाहिलं. जिथे त्या थांबल्या होत्या तिथे, खडकाच्या कडेला, कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मग मागच्या गाडीचा उजेड त्यावर पडला आणि धुकं नुसतं पांढरं झालं.

वहिनींना सगळं उमगलं. मास्तर प्रत्येकाच्या बाबतीत शेवटच्या दिवशी असंच करायचे. चढावर गाडी थांबवायची आणि म्हणायचं, आता उचला, माझे पाय वर आहेत. वहिनींच्या वेळी पाऊस होता म्हणून तो धडा राहून गेला होता. आज त्यांनी तो घेतला आणि ते उतरले. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

उतारावर त्यांच्याच पायाने गाडीला दोन-तीन बारीक हिसके बसले, अगदी किरकोळ.

"ही बघ, बेडकी आली परत," दादा समाधानाने म्हणाले.

घरी पोचल्यावर गाडी फाटकाशी वाकडी लावली गेली. दुसऱ्या दिवशी दिराने येऊन ती सरळ केली आणि दिवसभर कौतुकाने वहिनींकडे बघत राहिला. पोचल्याच्या रात्रीच वहिनींनी देवापुढच्या दिव्याशेजारी मास्तरांच्या नावाने आणखी एक वात लावली. कुणाला काही सांगितलं नाही. दादा पालथे पडून रेडिओ ऐकत आणि जमिनीकडे बघून जेवत. वहिनी बिनसाखरेचा चहा औषधासारखा पीत. मधूनच अंगणात जाऊन गाडीच्या डाव्या दारातून आत डोकावून येत. मॅट सपाट होती.

तपासणीच्या दिवशी दिराने रजा घेऊन गाडी चालवायची तयारी दाखवली. वहिनी म्हणाल्या, राहू द्या भावजी, मी नेते. ते ऐकून दीर दाराला टेकून उभाच राहिला. सकाळ स्वच्छ होती. खाणीचं पाणी निळं दिसत होतं. वाटेत पेडल फक्त पाय दाबेल तेव्हाच दबलं, आणि एका वळणावर मागून हॉर्न वाजला तेव्हा वहिनी म्हणाल्या, थांब बाबा, येते आहे मी.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, दिवा टाकून बराच वेळ पाहिलं आणि मागे टेकले.

"छान धरलाय," ते म्हणाले. "कसं आणलंत यांना त्या दिवशी? काचेचं भांडं आणावं तसं आणलंत." मग त्यांनी समजावलं की सुरुवातीला पाण्यातून बघितल्यासारखं दिसेल, कडेला सावल्या हलतील, घाबरायचं नाही.

दादांनी आधी भिंतीवरची अक्षरं वाचली. मग वळून बायकोकडे पाहिलं, एकटक, भिंगातून पाहायचे तसं.

"खांद्यावरचा टाका सुटलाय तुझा," ते म्हणाले.

वहिनींनी खांदा पदराने झाकला आणि त्यांना रडूच आलं. दवाखान्याच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला, त्यात साखर घातली, वर आणखी घातली. दादा हसून म्हणाले, आता चहात चमचा उभा राहील.

दोघं अंगणात आले. गाडी भिंतीशी, भर उन्हात उभी होती. काचा वर, दारं बंद. वहिनी किल्ली हातात घेऊन पुढे झाल्या, आणि मागून दादांची पावलं थांबली.

"तुझा दीर आलाय का गं?"

"नाही. का?"

दादांनी हाताने उजवा डोळा झाकला आणि गाडीकडे पाहिलं. मग डावा झाकून पाहिलं. मग पुन्हा उजवा झाकला.

वहिनींना कळलं. भीती वाटायच्या आधी त्यांना आपुलकीच वाटली. "बसलेत का?" त्यांनी हळूच विचारलं. "डावीकडे? घाबरू नका. मास्तर आहेत ते... सांगेन मी तुम्हाला सगळं."

"डावीकडे नाही," दादा म्हणाले. "तुझ्या जागेवर."

ऊन लख्ख होतं. अंगणात कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्या हलत होत्या.

"तोंड दिसतं का?"

"पाठमोरं आहे. मान खाली... छपराला डोकं लागतंय म्हणून." ते एक पाऊल मागे सरले. "मास्तर एवढे उंच नव्हते गं."

वहिनी गाडीकडे बघत राहिल्या. त्यांच्या दोन चांगल्या डोळ्यांना सीट रिकामी दिसत होती. डॉक्टर म्हणाले होते सावल्या दिसतील. त्यांनी तसं दादांना सांगितलं. दादांनी मान हलवली, पटल्यासारखी.

"पट्टी टाकून दिलीस का?"

"पर्समध्ये नवी आहे."

"बांध," दादा म्हणाले. "घरी जाईपर्यंत तरी बांध."

वहिनींनी अंगणातच, उभ्या उभ्या, बऱ्या झालेल्या डोळ्यावर पट्टी बांधली. आता गरज नव्हती, तरी दादा मागच्या सीटवर जाऊन आपणहून पालथे झोपले आणि त्यांनी तोंड हातांत घातलं.

वहिनींनी पुढचं दार उघडलं. आत तळहात फिरवून पाहिला. उन्हाने तापलेली गादी, दुसरं काही नाही. घर त्या चढापलीकडे होतं आणि न्यायला दुसरं कुणी नव्हतं. देवाचं नाव घेऊन त्या बसल्या आणि दार लावलं.

क्लच दाबायला त्यांनी पाय पुढे केला. पाय पोचला नाही.

त्या बुटक्या, त्यांची सीट नेहमी पार पुढे ओढलेली असते. सकाळी ती तशीच होती, त्यांनीच तर गाडी चालवत आणली होती. आता ती शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली होती. त्यांनी पाय लांब केला, बोटं ताणली. खाली सगळं रिकामं. सीटची दांडी शोधायला त्या वाकल्या, आणि वाकल्यावर त्यांना पेडलं दिसली. क्लच सावकाश खाली जात होता.

इंजिन चालू झालं. किल्ली वहिनींच्या मुठीतच होती. कसलाही दचका न देता गाडी भिंतीपासून सुटली आणि फाटकाकडे निघाली.

"छान उचललीस गं," मागून दादा म्हणाले.